सही जुळत नाही

मला लहानपणापासून चौकशीची वाईट खोड. कोण आलं, कशाला आलं, डब्यात काय आणलं, दार लावून काय बोलणं चाललंय, हे सगळं मला कळायलाच पाहिजे. आई म्हणायची, "ही मागच्या जन्मी जकातनाक्यावर कामाला असंल." तरी एका गोष्टीचा मला चाळिशी उलटेपर्यंत पत्ता लागला नव्हता. आई आणि काकू एकमेकींशी बोलत का नाहीत?

काकू म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आईची मोठी जाऊ. आमच्या जन्माच्या आसपास दोघी एकाच घरात, एकाच चुलीवर होत्या. मग काका मक्याच्या आडतीसाठी सिल्लोडला गेले आणि आम्ही शहरातच राहिलो. एवढ्यानं काही बोलणं तुटत नाही. पण या दोघींचं तुटलं ते असं की लग्नकार्यातही एक मांडवाच्या या टोकाला तर दुसरी त्या टोकाला. बोलायचंच झालं तर आई म्हणणार, "त्या बाईंना सांगा," आणि काकू म्हणणार, "तुमच्या आईसाहेबांना विचारा."

कारण विचारलं की आई सांगायची, हळदीकुंकवाला ती मला चारचौघींत टाकून बोलली. काकूच्या घरून यायचं ते उलटंच, म्हणे आईनंच काकूची जरीची साडी नेली न परत दिली नाही. वडिलांना विचारलं तर ते पेपरमधून डोकंही वर काढायचे नाहीत. "बायकांच्या भांडणाला कारण कशाला लागतं?" या उत्तराची मला इतकी चीड यायची की काय सांगू.

आता या दोन बायकांच्या मधे आजोबांनी एक खुंटी ठोकून ठेवली होती. चिकलठाण्याच्या पुढची आमची जमीन कारखान्यासाठी गेली तेव्हा मोबदला आला. आजोबांना आपले दोन्ही लेक पुरते ठाऊक होते. कंपनीत नोकरी करत असले तरी माझ्या वडिलांना धंद्याची खाज, आणि काका तर त्यांच्याही वरचे. पोरांच्या हातात पैसा म्हणजे चाळणीत पाणी, असं आजोबा उघड म्हणायचे. म्हणून त्यांनी त्यातला एक भाग दोन सुनांच्या नावानं बँकेत टाकला आणि तिथल्या साहेबांकडून पक्कं करून घेतलं की दोघींची सही असेल तरच पैसा निघेल. एकटीच्या सहीनं रुपया हलायचा नाही.

तेव्हा दोघींचं गूळपीठ होतं. इतकं की आईला सही करायलाही काकूनंच शिकवलं होतं. काकू सातवी पास, आई शाळेची पायरीही न चढलेली. खातं उघडायचं ठरलं तेव्हा काकूनं तिला गच्चीवर बसवून कोळशानं फरशीवर सही गिरवायला लावली. ही गोष्ट मला आजीनं सांगितली होती. आणि खातं उघडून दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच यांचं फाटलं. सगळी भावकी म्हणायला लागली, म्हातारा एवढा हुशार, पण फसला. कुलूप लावलं आणि किल्ल्या अशा दोघींकडे दिल्या की ज्या जन्मात एका दारात यायच्या नाहीत.

याचं एक दृश्य मी स्वतः बघितलंय. शाळेत होते मी तेव्हा, उन्हाळ्याची सुट्टी होती. वडिलांच्या डोक्यात बसस्टँडजवळ ज्यूस सेंटर टाकायचं वेड शिरलं होतं आणि कधी नव्हे ते काकांनाही ते पटलं होतं. दोघे भाऊ आपापल्या बायकांना घेऊन बँकेत आले. शेपूट म्हणून मी होतेच. काकूनं झरझर सही केली. आईनं पदर खोचला, पेन धरलं, जीभ दातात धरून सही केली. खिडकीतल्या साहेबांनी त्यांच्याकडच्या कार्डावरची सही बघितली, मान हलवली आणि म्हणाले, "ताई, सही जुळत नाही."

परत केली. परत जुळेना. तिसऱ्यांदा केली तर आणखीच वेगळी आली.

"मुद्दाम करती ही!" काकू सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशी कडाडली. "आमचं चांगलं होऊ द्यायचं नाय हिला!"

"मी कशाला मुद्दाम करू? शिकवणारीच तसली भेटली!" आई काय कमी होती का.

काका आणि वडील मधे पडून दोघींना शांत करायला लागले. साहेब म्हणाले, नवीन सही नोंदवता येईल, पण त्या अर्जावरही दोघींच्या सह्या लागतील. हे ऐकताच काकू पिशवी उचलून चालायला लागली. "हिच्यासाठी मी दुसऱ्यांदा बँकेची पायरी चढायची नाय. मेले तरी नाय." आणि त्या खेपेला खरंच नाही चढली. ज्यूस सेंटर दुसऱ्या कुणी टाकलं आणि वर्षभरात बंदही पडलं.

त्यानंतर प्लॉटिंगमध्ये भागीदारी निघाली. तेव्हा आई म्हणाली, मी तयार आहे, नवीन सहीचा अर्जही देते, पण नेमकी काकूची कंबर धरली. मग टेम्पो घ्यायचा होता. तेव्हा काकू सिल्लोडहून निघायला तयार, तर आईचा उपास निघाला. असे किती प्रसंग. प्रत्येक वेळी आई वडिलांना म्हणायची, "मी कवाचीच तयार आहे. तुमच्या वहिनीला विचारा." आणि तिकडे काकू काकांना हेच सांगायची. माझ्या वडिलांनी शेवटी कपाळाला हात लावला. घरात तर म्हणच पडली. डब्याला झाकण बसेना की वडील म्हणायचे, "झाली तुझ्या आईची सही." वीजमीटरचं रीडिंग चुकलं तरी आईची सही. आई ऐकून घ्यायची, वर हसायचीसुद्धा. मला वाटायचं, काय ही बाई, लाज नाही वाटत?

आणखी एक कोडं होतं, पण ते मी तेव्हा या कोड्याला जोडलं नाही. दर उन्हाळ्यात सिल्लोडकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे लोणच्याची बरणी यायची. आई स्वतः स्टँडवर जाऊन ती आणायची. कुणाची, असं विचारलं की म्हणायची, माझ्या माहेरच्या एका मावशीची. आता आईचं माहेर पैठणकडचं. सिल्लोडला ही मावशी कुठून उगवली? मी विचारलं तर आई म्हणाली, "लोणचं खायचं का बरणीची जात विचारायची?" लोणचं फर्मास असायचं, म्हणून मी गप्प बसले. बरणी मोकळी झाली की आई तीत कुरडया भरून परत पाठवायची.

काका गेले तेव्हा आम्ही सगळे सिल्लोडला गेलो. घर माणसांनी भरलेलं. काकू भिंतीला टेकून बसली होती आणि आल्यागेल्या बाया तिच्या गळ्यात पडत होत्या. आई उंबऱ्याजवळ बसली ती उठलीच नाही. पाणी प्यायली नाही, काकूजवळ गेली नाही. मी तिला दोनदा खुणावलं. अगं, निदान आज तरी. तर तिनं तोंड फिरवलं. त्या दिवशी मला आईची इतकी शिसारी आली की परतीच्या वाटेत मी तिच्याशी चकार शब्द बोलले नाही.

मग गेल्या वर्षी चुलतभावाचा पुण्याहून फोन आला. सिल्लोडचं घर भाड्याचं होतं आणि मालकानं ते रिकामं करायला सांगितलं होतं. भावाचं म्हणणं, काकूनं पुण्याला यावं. काकूचं म्हणणं, त्या अकराव्या मजल्यावर मी काय कबुतर आहे का? चिकलठाण्याकडे नवीन इमारती होतायत, तिथं तळमजल्यावरच्या दोन खोल्या तिनं बघून ठेवल्या होत्या. मागं थोडं अंगण, तुळशीपुरती जागा. तिला तेवढंच पाहिजे होतं, आपल्या नावाचं दार. बिल्डरनं सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. आणि पैसा एकाच ठिकाणी होता, आजोबांच्या त्या खात्यात.

भाऊ मला म्हणाला, "तू तेवढं काकूला समजावशील का?" तो माझ्या आईला काकू म्हणतो. "त्यांची सही जुळली नाही तर आईला कायमचं पुण्याला यावं लागेल. ती इथं दोन महिने नाही काढायची गं."

फोन ठेवला आणि मी तडक आईकडं गेले. कारण आईची सही आजवर एकदाही जुळलेली मी बघितली नव्हती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शुक्रवारी जाऊ." बस, एवढंच. भाजी निवडत राहिली. वडील मात्र उत्साहात होते. त्यांना पंचाहत्तरी जवळ आली तरी खाज गेलेली नाही. हल्ली ई-रिक्षा घेऊन भाड्यानं द्यायचं चाललंय. म्हणाले, "वहिनींना घर होतंय, चांगलंच आहे. पण त्यात निम्मे आपले आहेत बरं का."

शुक्रवारी मी कंपनीतून अर्धी रजा टाकली. वडील स्कूटरवर पुढे गेले, आम्ही मायलेकी रिक्षानं. काकू आधीच येऊन बँकेच्या पायरीवर बसली होती. आईला बघून तिनं मान वळवली. "आल्या का बाई. म्हटलं आजबी उपास निघतो का काय."

"उपास करायला मला कुणाची परवानगी लागत नाय," आई म्हणाली आणि आत शिरली.

आतल्या मॅडम तरुण होत्या, शांत. त्यांनी एफडी मोडायचे कागद पुढं केले. काकूनं केली सही. मग आईनं पेन हातात घेतलं. वडील तिच्या खांद्यामागून वाकून बघत होते. आई थांबली. पेन खाली ठेवलं. म्हणाली, "अहो, मला पाणी पाहिजे. घसा सुकला."

"इथं कूलर आहे ना."

"तसलं गारढोण नको. बाटलीचं आणा बाहेरून. साधं."

वडील पुटपुटत बाहेर गेले. काचेचं दार त्यांच्यामागं बंद झालं आणि आईनं पेन उचललं. मी तिच्या उजव्या हाताला उभी होते, म्हणून मला नीट दिसलं. तिनं आधी अक्षर काढलंच नाही. आधी कागदावर एक लांब सरळ आडवी रेघ ओढली, नुसती शिरोरेषा. मग त्या रेघेखाली डावीकडून एकेक अक्षर लटकवत गेली. सही सरळ, ठसठशीत. जीभ दातात नाही, काही नाही. मी जन्मभर बघितलेली आईची सही अशी नव्हतीच. ती आधी अक्षरं काढायची आणि वर थरथरती रेघ मारायची, आम्ही सगळेच मारतो तशी.

मॅडमनी स्क्रीनवर बघितलं. कागदाकडं बघितलं. "जुळली," म्हणाल्या आणि शिक्का मारला.

मी आईकडं बघतच राहिले. तेवढ्यात वडील बाटली घेऊन आले. "काय झालं?"

"जुळली," आई म्हणाली.

"आँ? जुळली?" वडील खो-खो हसले. "बघा, म्हातारपणी जुळली! इतकी वर्षं कुठं होती ही सही?" आणि त्यांचा फोन वाजला, ई-रिक्षावाल्याचाच असणार, ते बोलत बाहेर गेले. आईनं बाटलीचं बूचही उघडलं नाही.

पुढचं काम व्हायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो, आई एका टोकाला, काकू दुसऱ्या टोकाला, मधे मी. मला राहवेना. मी हळूच म्हटलं, "आई, तू आधी रेघ ओढलीस."

माझ्या डावीकडून काकूच खुदकन हसली. मी काकूला हसताना बघितल्याचं मला आठवतच नव्हतं.

"आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे," काकू म्हणाली. "गच्चीवर मीच शिकवलं होतं हिला. हिला वळणच येईना अक्षरांचं. म्हटलं, दोरी बांध आधी, मग बघ कशी सरळ येतात."

"मग ती दुसरी सही?"

"ती तुझ्या पाटीवरून शिकले," आई समोर बघत म्हणाली. "तुझ्या पप्पांसाठी."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं आणि मी बाकावरच ताठ झाले. "म्हणजे तुमचं भांडण?"

"नवऱ्याला नाय म्हणता येत होतं का तवा?" काकू म्हणाली. "घरात राहायचंय, त्याच्या ताटात जेवायचंय. नाय म्हटलं की घर डोक्यावर घ्यायचे. पण 'मी देते हो, तीच देत नाय' असं म्हटलं की माणूस काय करंल? तुझी आई म्हणाली, आक्का, आपण भांडू. म्हटलं, चल भांडू. कुणी इचारलं तर साडीचं सांगायचं ठरलं."

"हळदीकुंकवाचं ठरलं होतं," आई म्हणाली.

"साडीचं."

"हळदीकुंकवाचं. साडी माझी मीच नंतर घातली."

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि खरं सांगायचं तर रागही आला होता. एवढी मोठी गोष्ट, माझ्या नाकाखाली, आणि मला, मला पत्ता नाही! मी म्हटलं, "मला तरी सांगायचंस."

"तुला?" आई पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "तुला सांगितलं असतं तर सिल्लोडच्या एसटीच्या आधी बातमी पोचली असती."

"मग काका गेले तेव्हा? तेव्हा तरी जायचं होतंस ना जवळ."

आईनं बाटली मांडीवर फिरवली. "तुझे पप्पा होते तिथं. सगळी भावकी होती. एकदा गळ्यात पडले असते तर परत भांडता आलं नसतं मला." तिनं काकूकडं बोट केलं. "हा पैसाच तर हिचं शेवटचं होतं. ते गेलं असतं म्हणजे? मग कुठं राहिली असती ही?"

काकूनं पदरानं नाक पुसलं. "मी बघत होते हिच्याकडं," ती मला म्हणाली. "मला ठावं होतं. उंबऱ्यातनं हलली नाय दिवसभर. पाणीसुदिक घेतलं नाय."

मॅडमनी हाक मारली. पैसे किती पाठवायचे, निम्मे का, असं विचारलं. आई म्हणाली, सगळे. मी तिचा दंड धरला. "आई, तुझा वाटा?"

"मला घर आहे की," ती म्हणाली आणि आरटीजीएसच्या कागदावर आधी रेघ ओढली.

वडिलांना हे आईनं बँकेच्या दारातच सांगितलं. ते "अगं पण माझी ई-रिक्षा," एवढंच म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. आईनं सिल्लोडच्या एसटीसाठी काकूला स्टँडवर सोडायचं म्हणून तिला आमच्याच रिक्षात घेतलं. सगळ्यांच्या समोर, काही न बोलता. वाटेत दोघी दोन बाजूंनी बाहेर बघत होत्या.

पण स्टँडच्या आधी आईनं आमच्या घराशीच रिक्षा थांबवली. वडील फाटकाशी किल्ली घेऊन उभे होते. आई उतरली आणि वळून म्हणाली, "आक्का, चहा घेऊन जा."

वडिलांच्या हातातली किल्ली तशीच राहिली. काकूही गोंधळली. इतक्या वर्षांची सवय, तिच्या तोंडातून आपसूक निघालं, "मला नको तुमचा चहा. उद्या परत म्हणाल का..."

"आक्का," आई म्हणाली. "उतर. झालं आता. राखायचं काही राहिलं नाय."

काकू एक पाय रिक्षाबाहेर टाकून तशीच बसली आणि तिला रडू फुटलं. साधंसुधं नाही, काकांच्या वेळी रडली होती त्यापेक्षा मोठ्यानं. रिक्षावाला घाबरला. "अम्मा, क्या हुआ? रुकूं क्या?" आई म्हणाली, "जा बाबा तू," आणि तिनं काकूला हाताला धरून उतरवलं. वडील माझ्या कानाशी आले. "ही काय भानगड आहे? या दोघी बोलायला कधी लागल्या?" जन्मभर मी लोकांना प्रश्न विचारले, त्या दिवशी पहिल्यांदा उत्तर माझ्याकडं होतं आणि मला ते देता येईना.

आत काकू ओट्याजवळच्या खुर्चीवर बसली, डोळे पुसत. आईनं गॅसवर आधण ठेवलं, आलं ठेचलं, पत्ती टाकली. साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून ती थांबली. मी बघत होते. तिला पुढचं माहीत नव्हतं. वर्षातून एक बरणी जायची-यायची, तिच्यातून हे कळत नसतं.

"आक्का," आई वळून म्हणाली, "साखर चालती का गं तुला? का शुगर आहे?"

"आहे," काकू म्हणाली. "पण आज घाल."